पाण्याचा रकाना

खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी सात वर्षं शिकवलं. राहायला अकोल्यात, जाणं-येणं एसटीनं. एका उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांच्या गळ्यात मानव विकासाची पाहणी पडली, आणि ती समजावून सांगायला अमरावतीहून एक साहेब आले.

काळी माती, कपाशी, हरभरा, नवा रस्ता... साहेब तासभर गावाला गावाचीच श्रीमंती सांगत राहिले. "तुमच्या पायाखाली पाण्याचा समुद्र आहे," असंही म्हणाले. ते खरंच होतं. त्या समुद्रात डाळ शिजत नसे आणि अंगाला साबण लागत नसे, एवढंच.

भाषणानंतर मी त्यांना शाळेशेजारच्या घरी नेलं. तिथल्या बाईंना सारं गाव खाला म्हणायचं. त्या गोधड्या शिवायच्या आणि आठवड्यातून दोनदा नवऱ्याला डायलिसिससाठी अकोल्याला न्यायच्या. त्यांनी कोरा चहा केला. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"यात मीठ पडलंय का?"

"नाई साहेब, बोअरचं पानी हाये. टँकर परवा येईन. तो सरला का आमी हेच पेतो."

साहेबांनी गाडीतून बाटली मागवली, अंगणात चूळ भरली आणि मला म्हणाले, "लिहा मॅडम. पाण्याचा स्रोत, आहे."

मी लिहिलं, 'आहे, पण पिण्यालायक नाही.' आठवड्यानं सगळे फॉर्म परत आले. कॉम्प्युटर फक्त 'आहे' किंवा 'नाही' घेतो म्हणे. बोअर तर होतं. म्हणजे मी खोटं लिहीत नव्हते! अशी स्वतःची समजूत घालून मी घरामागून घर 'आहे' लिहीत गेले आणि चारची गाडी पकडली. घरी पोचल्यावर नळाचं गोड पाणी प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर आलाच नाही. खाला वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, टँकर कावून बंद झाला? सरपंच म्हनते, कागदावर गावात पानी हाये."

"मीच लिहिलं ते," मी म्हणाले.

"तुमाले तर मालूम होतं," त्या एवढंच बोलल्या आणि निघून गेल्या. मला वर्गातल्या पोरांकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी अमरावती गाठली. साहेबांनी पेढा पुढे केला. तालुका वरच्या श्रेणीत गेला होता.

"साहेब, लोक खारं पाणी पिऊन राहिलेत. माणसं आजारी आहेत."

"वाढ व्हायची म्हणजे थोडी कळ सोसावी लागते, मॅडम. आणि फॉर्मवर सही तुमचीच आहे."

किती सहज बोलला तो माणूस! पेढा त्याच्या टेबलावर तसाच ठेवून मी तिथेच टँकर पुन्हा सुरू करण्याचा अर्ज लिहिला आणि पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

अर्जाचं काम झालं. टँकर सुरू झाला तेव्हा पाऊस लागून पंधरा दिवस झाले होते. टँकरचं पाणी ओतायची गावाची उघडी टाकी पावसानं काठोकाठ भरलेली, आणि ड्रायव्हर भिजत घरोघर विचारत होता, "बाप्पा, हे पानी खाली कुठं करू?"