आवाजाच्या सहा डब्या

बालवाडीच्या शांताबाईंनी मी केलेला सागवानी घोडा आधी जिभेनं चाटला. मग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून फरशीवर आपटला. घोड्याचा एक कान तुटला. बाईंनी तो कान उचलला, त्याच्या टोकावरून बोट फिरवलं आणि घोडा कानासकट चुलीत घातला. चुलीवर पोरांच्या दुधाचं पातेलं होतं.

"घोड्यानं दूध चांगलं तापवलं," बाई म्हणाल्या. "तुमचं लाकूड वाया गेलं नाही, मिस्त्री."

ही आमची पहिली भेट. घोड्यावर माझे चार दिवस गेले होते. मी पिढीजात सुतार. शाळेत चौथीच्या पुढं गेलो नाही, पण माझ्या हातच्या बैलगाड्या राहात्याच्या बाजारात लोक थांबून बघायचे. माझ्या कामाला तोंडावर नावं ठेवणारा माणूस तोवर भेटला नव्हता. मी पाठ फिरवून निघून गेलो असतो, पण माझी कमळ तिथंच दाराशी बसलेली होती. तेव्हा साडेतीन वर्षांची. ती घोडा जळताना बघत होती. पोरीसमोर बाप पळाला असं नको, म्हणून थांबलो.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव काढणारं गावात कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहितो. बुटक्या, काळ्या, चष्म्याच्या काड्या डोक्यामागं नाडीनं बांधलेल्या. भिंगारच्या एका कारकुनाची मुलगी. चाळिशी आली तरी लग्न नाही, म्हणून गावानं त्यांच्याबद्दल बोलायचं ते बोलून घेतलं होतं. पावसानं दगा दिल्याचं ते लागोपाठ दुसरं साल. गावातल्या बायका सडकेच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि पोरं चावडीशेजारच्या खोलीत बालवाडीत सोडायच्या. तिथं दूध आणि सुकडी मिळायची. बाई येण्याआधी बालवाडी म्हणजे एक म्हातारी, एक काठी आणि गप्प बसवलेली पोरं.

बाईंनी आल्याबरोबर काठी मोडली आणि खेळण्यांच्या मागं लागल्या. खेळणं निवडायची त्यांची एक रीत होती. आधी चाटायचं. "जे पोराच्या तोंडात जाणार, ते आधी माझ्या तोंडात गेलं पाहिजे." रंग जिभेला लागला की खेळणं बाद. मग आपटायचं. तुटून टोक निघालं की बाद. त्यातून वाचलं की खोलीच्या मधोमध ठेवायचं आणि आपण भिंतीकडं तोंड करून फाटकं शिवत बसायचं. पोरांना एक शब्द सांगायचा नाही. तिसऱ्या दिवशीही पोरं त्याच्याकडं गेली, तर ते खेळणं राहिलं. नाही तर चूल.

"ज्या खेळाला बाई लागते तो खेळ नाही," त्या म्हणायच्या. "ती शिक्षा."

एकदा तालुक्याहून साहेब पेटी घेऊन आले. त्यात पत्र्याच्या मोटारी, रंगीत मण्यांची पाटी, बाहुल्या. पाटलांचे भाऊ आबा हार घेऊन हजर. साहेब म्हणाले, "बाई, मुंबईहून निवडून आणलंय सगळं." बाईंनी एक मोटार उचलली आणि सगळ्यांदेखत तिच्या चाकाजवळून जीभ फिरवली. मग साहेबांच्या समोरच्या कागदावर थुंकल्या. लाल थुंकी.

"हे माझं रक्त आहे. उद्या पोराचं निघेल. कुणी निवडलं म्हणालात?"

आबा मला म्हणाले, "मिस्त्री, ही बाई हाय का मांजर?" सगळे हसले. मीही हसलो. घोड्याचा राग अजून गेला नव्हता.

तरी मी त्यांची कामं करत राहिलो. लिंबाच्या लाकडाचे ठोकळे, ओवायच्या चकत्या, ढकलायचा गाडा. दहातली सात कामं त्या परत पाठवायच्या, तीही चार बायकांसमोर. "हात चांगला आहे तुमचा, मिस्त्री. डोकं मात्र बैलगाडीचं आहे. पोर बैल आहे का?" बायका पदर तोंडाला लावायच्या. पण एखादं काम पसंत पडलं की बाई काहीच बोलायच्या नाहीत. ठोकळा हातात घेऊन नुसत्या उलटसुलट करत राहायच्या. त्या गप्प राहण्यासाठी मी रात्रीचं जेवण विसरून काचकागद घासलेला आहे. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी सहा डब्या सांगितल्या. झाकण सरसानं कायमचं बसवलेल्या, दिसायला हुबेहूब सारख्या. दोनांत चिंचोके, दोनांत ज्वारी, दोनांत रेती. पोरानं हलवून आवाज ऐकायचा आणि जोडीला जोडी लावायची. "डोळ्यानं ओळखता कामा नये. हातानंही नको. वजन सहांचं एक पाहिजे. ओळखायचं ते फक्त कानानं." मी आतून लाकूड कमीजास्त कोरून वजन जुळवलं आणि सोनाराच्या काट्यावर एकेक डबी तोलली. सोनार म्हणाला, "पोरांच्या खुळखुळ्याला काटा? येड लागलं व्हय रं तुला?" पण सहाही डब्या काट्याला एक उतरल्या. असं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही.

बाईंनी डब्या चाटल्या, आपटल्या, मधोमध ठेवल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी दारात उभा राहिलो. पोरं डब्या कानाशी नेऊन हलवायची, हसायची, चुकीची जोडी लावायची आणि भांडायची. दुसऱ्या दिवशी कमळ पुढं आली. तिनं सहा डब्या हलवल्या आणि तीन जोड्या लावल्या. बरोबर. मी मिसळून दिल्या, तिनं पुन्हा लावल्या. पुन्हा बरोबर. चाळीस पोरांत एकटी.

माझी छाती फुगली. कमळ बोलत नव्हती. चार वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. मी लोकांना सांगायचो, आमच्या घरात सगळी उशिराच बोलतात. आता मला वाटलं, बघा म्हणावं. आबा आले होते, बायका दूध न्यायला आल्या होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "कुनाची पोर हाय? सुताराची हाय!"

बाई भिंतीकडून वळल्या. कमळकडं बघत राहिल्या. तिला तिसऱ्यांदा जोड्या लावायला लावल्या. मग उठल्या, तिच्या पाठीमागं गेल्या आणि दुधाचं रिकामं पातेलं घेऊन त्यावर पळी जोरात हाणली. खोलीतली सगळी पोरं दचकली. कमळ डब्या रचत होती ती रचतच राहिली.

"ती डबी कानाशी नेत नाही, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "हनुवटीच्या हाडाला लावते. बाकीची ऐकतात, ही आतलं हलणं हाडावर ओळखते. तुमची पोर ठार बहिरी आहे. आणि या खोलीतली सगळ्यात हुशार आहे. दोन्ही लक्षात ठेवा."

मी एकच लक्षात ठेवलं.

एकांतात बोलवून सांगता आलं असतं. बाईंना तसलं काही सुचायचं नाही. त्यांच्या लेखी लाकूड, साहेब, बाप, सगळ्यांना एकच रीत. आपटायचं आणि काय तुटतं ते बघायचं. आबा हळूच म्हणाले, "तरीच पोरगी हाकेला वळत न्हाई." मी कमळला दंडाला धरून उचललं आणि घरी आणलं.

बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, "मला म्हाईत हुतं."

"कवापास्नं?"

"रांगत हुती तवापास्नं. तुमाला कोन सांगनार? तुमी ऐकून घेता का?"

मी तिच्यावर हात उचलला. परात उलटली. कमळ कोपऱ्यातून आमची तोंडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी रेशनच्या तांबड्या ज्वारीचं, मिलोचं, दळण घेऊन गिरणीत गेलो. दळणाचं निमित्त होतं. आबा तिथं असणार हे मला ठाऊक होतं.

"काय मिस्त्री, बाईची खेळणी झाली का?"

"झाली की. पर आबा, तुमचा नातू काय चोखतो ते म्हाईत हाय का तुमाला?"

"काय चोखतो?"

"वेशीबाहेरच्या वस्तीतलं पोर जे चोखतं, त्येच. आन् त्याच्या आदी बाई चाटती. एक खेळणं, चाळीस तोंडं."

आबांनी अर्धवट दळलेलं पीठ पोत्यात ओढलं आणि निघून गेले. गिरणीवाला चाक थांबवून माझ्याकडं बघत राहिला.

रोज संध्याकाळी बाई सगळी खेळणी लिंबाचा पाला घातलेल्या उकळत्या पाण्यात बुडवायच्या आणि सकाळी उन्हात मांडायच्या. ते मी डोळ्यानं बघितलं होतं. गिरणीत ते मी सांगितलं नाही.

चार दिवसांत बालवाडीत वस्तीवरची सात पोरं उरली. बाकीची आयांबरोबर खडीवर जाऊन उन्हात बसू लागली. ना दूध, ना सुकडी. एका आईनं बाईंना चोरून विचारलं, नुसतं दूध देता का, पोर आत पाठवत नाही. बाईंनी दूध दिलं. आबांना कळल्यावर तेही थांबलं. मग वर अर्ज गेला आणि बालवाडी बंद करायचा कागद आला. ज्यांच्या कागदावर लाल थुंकी पडली होती त्याच साहेबांची त्यावर सही होती असं म्हणतात.

जायच्या दिवशी बाई पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्या कामठ्यावर, मी सुतारकाम करायचो त्या छपरात, आल्या. मी रंधा मारत होतो. तो मी थांबवला नाही.

"गिरणीतलं कळलं मला," त्या म्हणाल्या. "हुशार आहात. एका वाक्यात काम केलंत. तुमच्या गावाला पोरं खेळू द्यायला लावायला मला वर्ष लागलं."

मी रंधा मारत राहिलो.

"माझं जाऊ दे. अशा मुलांची शाळा आहे. भिंगारला माझ्या भावाकडं या, मी स्वतः घालते तिला. पण पाचच्या आत. नंतर जीभ वळत नाही. पाचच्या आत, मिस्त्री. हट्ट करायचा तर तो माझ्याशी करा, तिच्याशी करू नका."

"माजी पोर मी बघीन," मी म्हणालो. "तुमी तुमची एस.टी. बघा."

बाई निघाल्या तशी कमळ धावली आणि त्यांच्या साडीला लोंबकळली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती ओरडली. त्या ओरडण्यात शब्द नव्हता, पण सगळ्या आळीला कळलं. बाईंनी मागं वळून बघितलं नाही. ट्रंक त्यांच्या गुडघ्याला आपटत होती.

पाचवं वर्ष आलं आणि गेलं. बायको दर दिवाळीला विचारायची, मी उठून बाहेर जायचो. मी कमळला माझ्या शेजारी बसवून पटाशी धरायला शिकवलं आणि मनात म्हणालो, कुठं काय अडलंय. ती नऊ वर्षांची असताना मागून ऊस भरलेली बैलगाडी आली. गाडीवान ओरडला, बैलांच्या घुंगरांचा आवाज, माणसांचा गलका. ती रस्त्याच्या मधून चालत राहिली. डाव्या पायाची दोन बोटं गेली. गाडी मीच बनवलेली होती.

पाय बरा झाल्यावर बायकोनं पिशवी भरली. म्हणाली, "तुमी येता का मी एकली जाऊ?"

भिंगारला बाईंचं घर शोधायला अर्धा दिवस गेला. जुन्या बाजारामागं, भावाच्या घरातली पुढची खोली. बाई वाळल्या होत्या. चष्म्याची नाडी तशीच. मला ओळखलं, बसा म्हणाल्या नाहीत. कमळला मात्र जवळ ओढलं, तिचा पाय बघितला. मग तिच्या गळ्याला आपली दोन बोटं लावली आणि तिची बोटं आपल्या गळ्याला लावून काहीतरी आवाज काढला. कमळनं तसा आवाज काढायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. पुन्हा. बाई बराच वेळ ऐकत होत्या.

"किती वर्षांची?"

"नऊ," बायको म्हणाली.

"शिकेल," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. "लिहायला शिकेल, शिवायला शिकेल. हुशार आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं. सोमवारी शाळेत घेऊन जाते." त्यांनी कमळची बोटं आपल्या गळ्यावरून काढली. "बोलायची नाही. पाचव्या वर्षी आणली असतीत तर तुम्हाला हाक मारली असती. आता नाही मारणार. मनाची तयारी करा."

बायको पदरात तोंड घालून रडायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं. मला दिलं नाही.

मी आयुष्यात कोणापुढं वाकलो नव्हतो. त्या दिवशी हात जोडले. "बाई, चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" बाई म्हणाल्या. "तिला सांगा."

मी कमळपुढं बसलो. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, एकटक, ओठ हलतील तसे तिचे डोळे हलत होते. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, शेजारची माणसं दारात येईपर्यंत सांगितलं.

तिला वाटलं, मी घरी चल म्हणतोय. तिनं पिशवी उचलली आणि दाराकडं निघाली.