बाजारना बाजार एक गोळी

लिही शीला, गावातल्या बायांचं लिहितेस ना, मग दगूबाईचं लिही. मन्हं काय, मन्हं नंतर पाहू.

दगूबाई आपल्या म्हसावदची, मन्ह्या शेजारची. मिरची-लसूण विकायची. गोणपाट टाकून वाटे मांडायची, आन् सगळे वाटे सारखे. गिऱ्हाईकानं कितीबी चिवडलं तरी मोठा वाटा सापडायचा नाही. आज म्हसावद, मग शहादा, मग धानोरा, मग नंदुरबार. हप्त्याचे चार बाजार. चाळीस वर्षं बाई बसली ती एसटीत, नाहीतर गोणपाटावर.

मागच्या साली तिचे गुडघे धरले. मीच तिला शहाद्याला डाक्टरकडे नेलं. रक्त तपासून डाक्टर म्हनला, "आजी, ड जीवनसत्त्व कमी आहे. गोळी मोठ्या ताकदीची आहे, हप्त्याला एकच. आठ हप्ते झाले की बंद."

दगूबाईला ऐकू कमी. स्टँडवर मला विचारते, "कवय खावानी वं, कोन्त्या दिशी?"

मी म्हनलं, "बाजारना बाजार एक."

आपन हप्ता तसाच मोजतो ना, या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. मन्हा बाजार एकच, गावचा. तिचे चार, हे मन्ह्या डोक्यात आलंच नाही बघ.

तिनं इमानदारीनं खाल्ल्या. दर बाजारी, वाटे मांडायच्या आधी एक. गुडघ्याला बरं वाटलं, मग आठ हप्त्यांची याद कोन ठेवतं? गोळ्यांचा पत्ता संपला की मेडिकलवर रिकामा पत्ता दाखवायची, नवा आनायची. असे सहा महिने.

मग तिची भूकच गेली. तांब्यावर तांब्या पानी प्यायची तरी तोंड कोरडं. उलट्या. बोलता बोलता विसरायची. मी म्हनायची, "म्हातारी व्हयनी तू." ती म्हनायची, "तू काय नवरी शे का?" हसायचो दोघी. कशाला हसलो!

तिच्या ललितनं, पोरानं तिच्या, तिला उचलून दवाखान्यात नेलं. मीबी गेले. डाक्टरनं विचारलं, "गोळी कशी खात होत्या?"

"बाजारना बाजार."

"कोणता बाजार?"

तिनं बोटांवर मोजून सांगितलं. चार. डाक्टरनं कागदावर चार लिहिलं. मग म्हनला, "अंगाला रोज लागतं ते थोडंसंच. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, पण हे जात नाही. चरबीत साठतं. रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, वाढला, तो मूत्रपिंडाला लागला."

दगूबाईनं पुन्यांदा चार बोटं मोजली. मग म्हनली, "म्हंजे एकच गिऱ्हाईकना पदरमा चार वाटा टाकात मी."

मग मन्ह्याकडे पाहिलं. "तुन्हा बाजार एक. मन्हा चार ना वं, माय?"

मी तिच्या पायाशी बसून गुडघे चेपत राहिले.

जगली. सलाईन लावली, गोळी बंद, दूधबी काही दिवस बंद. पन मूत्रपिंड पहिल्यासारखं झालं नाही. डाक्टरनं ओझं आन् एसटी दोन्ही बंद सांगितलं. शहादा सुटलं, धानोरा सुटलं, नंदुरबार सुटलं. आता फक्त म्हसावदच्या बाजारी ललित तिला गाडीवर आनून बसवतो. मापाचा अंदाज चुकतो, वाटे लहानमोठे होतात. बाया मोठा बघून उचलतात. मी शेजारी बसते, उगीच लसूण सोलते.

आता तिचाबी बाजार एकच. मन्हं सांगनं आता तिला बरोबर लागू पडतं, शीला. पन आता गोळीच नाही.