वाकलेला खांब

शेषाद्रीराव लिफ्टला भीत. आमचं ऑफिस चेन्नईत, पेरुंगुडीला, सातव्या मजल्यावर, आणि हे निवृत्तीला आलेले गृहस्थ रोज जिना चढून धापा टाकत जागेवर येऊन बसायचे. लिफ्टला भीत, विजेला भीत, आणि डिसेंबरच्या पावसाला तर इतके भीत की नुंगंबाक्कमच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात सगळ्या महत्त्वाच्या वस्तू माळ्यावर असत. पुराच्या वर्षी घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं, त्यामुळे या बाबतीत त्यांना हसायची सोय नव्हती. बाकी बाबतीत मी हसायचे. "सर, भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं मी म्हटलं की तेही हसायचे आणि ब्रह्मराक्षसालाही भ्यायचे.

मी नाशिकची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून चेन्नईला आले. इथे कुणी मराठी बोलेल अशी आशा सोडून दिली होती, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "असकें कळलं कां तुम्हांस?" असकें म्हणजे सगळं. त्यांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेली आणि मराठी तशीच जपून राहिली, वरून तमिळचा हेल चढला. पुढे मी त्यांची टीम लीडर झाले, तरी ते माझ्यासाठी सरच राहिले.

आमचं काम असं. जगात कुठेतरी एखादी जुनी इमारत असते. तिथली माणसं तिच्यावर लेझर फिरवून मोजमाप घेतात आणि कोट्यवधी ठिपक्यांचा ढीग आमच्याकडे पाठवून देतात. त्या ठिपक्यांमधून आम्ही कॉम्प्युटरवर भिंती, कमानी, खांब उभे करतो. शेषाद्रीराव हे काम कागद-पेन्सिलीच्या काळापासून करत होते. त्या वर्षी त्यांच्याकडे एक चर्च आलं, साधंसुधं नव्हे, कॅथेड्रल, बिशपच्या गादीचं. भूमध्य समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. बेटाचं नाव सांगत नाही, कारण तशा कागदावर मी सही केली आहे.

त्या चर्चच्या जागी मुळात एक देऊळ होतं, दगडी खांबांच्या दोन ओळी असलेलं. पुढे ख्रिस्ती लोक आले. त्यांनी देऊळ पाडलं नाही, खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजवल्या आणि आत प्रार्थना सुरू केली. मग कधीतरी मोठा भूकंप झाला. पुढची भिंत, घंटेचा मनोरा, छप्पर, सगळं खाली आलं. वर्षभर बेटावरचे लोक तंबूत प्रार्थना करत होते. पण देवळाचे खांब उभे राहिले. त्या खांबांना धरूनच नवं चर्च बांधलं, त्या काळच्या बरोक थाटात. भीतीनं खचलेल्या लोकांना देवाचा डामडौल दाखवायचा होता, म्हणून बांधणाऱ्यांनी हात राखला नाही. पुढची भिंत मधे फुगलेली, कडेला आत गेलेली, वाऱ्यावर पडदा हलावा तशी. खांब पिळलेले, कमानी मधेच तुटलेल्या, त्यांच्यावर दगडी फुलांच्या माळा आणि गुबगुबीत देवदूत. मऊ पिवळा दगड, त्यामुळे उन्हात अख्खी भिंत लोण्याची वाटते. सरळ रेघ शोधून सापडायची नाही.

शेषाद्रीरावांना ती भिंत फार आवडली. महिनोन्‌महिने ते त्या वळणांत रमले होते. पण भूकंपाची गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. इतके लोक सणाला आत जमतात, खांब जुने, पुन्हा जमीन हलली तर? मी म्हटलं, सर, ते बेट तुमच्यापासून हजारो मैल लांब आहे. ते म्हणाले, माणसं तर आत असतातच की.

त्यानंतर मार्गळी महिना आला. चेन्नईत या महिन्यात बायका पहाटे उठून दारापुढे मोठमोठे कोलम काढतात, ठिपके मांडून तांदळाच्या पिठाच्या रेघांची रांगोळी. शेषाद्रीरावांच्या बायकोचा, कृष्णवेणीमामींचा, यात हात कुणी धरत नसे. चिमटीतून पीठ सोडत त्या हातभर रेघ एका दमात ओढत, दोरी धरल्यासारखी. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेषाद्रीराव डबा न उघडता माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, कोलमाच्या रेघा वाकड्या येतायत. गेले कितीतरी दिवस ते पाहत होते.

मला आधी त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही. मग त्यांनी सासऱ्यांची गोष्ट सांगितली. अप्पाजी तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. एक दिवस त्यांची सही वाकडी आली. लोकांनी चेष्टा केली. मग हात थरथरायला लागला, मग मान, आणि शेवटची काही वर्षं कृष्णवेणीमामी त्यांना चमच्यानं भरवत होत्या. कंपवात. त्या घरात वाकडी रेघ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. शेषाद्रीरावांनी बायकोला अजून काहीच सांगितलं नव्हतं. नुसते तिच्या हातांकडे बघत बसत, ती भाजी चिरताना, वाती वळताना. तिच्याशिवाय आपण एक दिवस काढू शकणार नाही, असं ते मला सरळ म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी ब्रह्मराक्षसाची म्हण पुन्हा ऐकवली. दुसरं काय करणार होते? शिवाय म्हटलं, मनात ठेवू नका, बोला आणि डॉक्टरांना दाखवा.

ते बोलले. डॉक्टरांनी मामींना बोटं नाचवायला लावली, चालायला लावलं, लिहायला लावलं. विशेष काही नाही म्हणाले. पण वडिलांना होतं म्हणता, तर लक्ष ठेवा. हे 'लक्ष ठेवा' रोगाहून वाईट निघालं. मामींनी कोलम काढणं बंद केलं. टंबलरमध्ये कॉफी अर्धीच ओतायला लागल्या, सांडू नये म्हणून. कुणी आलं की उजवा हात पदराखाली. आणि दारात, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारू नये म्हणून, बाजारातून आणलेला प्लास्टिकचा छापील कोलम चिकटवून टाकला. तोसुद्धा सरळ बसला नाही, शेषाद्रीराव म्हणाले. चिकटवताना हात हलला असणार, रेघा लहरत गेल्या होत्या. आता संक्रांतीला मुलगी बंगळुरूहून येईल तेव्हा तिला काय सांगायचं, एवढंच ते विचारत होते. मलाही भीती वाटायला लागली होती. मी म्हण म्हणायची थांबले.

संक्रांत झाली. ऑफिसात पुढच्या भिंतीचं काम संपून आतलं सुरू झालं, म्हणजे देवळाचे ते जुने खांब. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"शर्मिष्ठा, जरा या. हा खांब पडेल."

स्क्रीनवर दक्षिणेकडच्या ओळीतला खांब होता, भिंतीत अर्धा बुजलेला. ते बोटानं दाखवत होते: इथे, मधोमध, पोट आलंय. भूकंपात वाकला असणार आणि इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही. पंधरवड्यावर त्यांचा सण. बेटावरचे सगळे त्या छपराखाली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आत्ताच्या आत्ता कळवा, चर्च रिकामं करा म्हणा, असं ते मला सांगत होते.

मी पाहिलं. मला पोट दिसेना. जवळ जाऊन पाहिलं, लांबून पाहिलं. शेवटी खांबाशेजारी वरपासून खालपर्यंत एक लाल रेघ टाकली, ओळंबा सोडतात तशी, आणि अंतर काढलं. बोटभरसुद्धा फरक नव्हता.

"सर, सरळ आहे हा."

"तुमची रेघच वाकडी अहे," ते म्हणाले.

कॉम्प्युटरनं ओढलेली रेघ. मी हसणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबले. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डावा डोळा त्यांचा लहानपणापासून मंद, सगळी भिस्त उजव्यावर. मग हात डाव्या डोळ्यावर नेला. मग पुन्हा उजव्यावर. डाव्यानं खांब अंधूक दिसत होता, पण सरळ. उजव्यानं लख्ख दिसत होता, आणि वाकलेला.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. पुढची भिंत करताना त्यांना हे कळणं शक्यच नव्हतं. जिथे सगळंच वाकडं, तिथे डोळ्याचं वाकडेपण कुणाच्या लक्षात येणार? नोकरीचं काय, पाठवून दिलेल्या कामाचं काय, हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं.

"तो स्टिकर," ते म्हणाले. "छापलेला अहे तो, शर्मिष्ठा. यंत्रानं छापलेला. त्याच्या रेघाही मज वाकड्या दिसल्या. मी मण्लों, तिचा हात हालला."

एवढं बोलून ते उठले आणि लिफ्टकडे गेले. लिफ्टनंच खाली गेले. मी पर्स घेऊन मागे धावले.

खाली टॅक्सी केली. नुंगंबाक्कमला पोचलो तर दारात तो स्टिकर होता, लाल-पांढरा, फरशीला घट्ट बसलेला, रेघा पट्टीनं आखल्यासारख्या. शेषाद्रीराव त्याच्यासमोर उभे राहिले, एक डोळा झाकला, दुसरा झाकला. मामी आतून बाहेर आल्या. भर दुपारी नवरा घरी, बरोबर ऑफिसातली बाई, हे पाहून त्यांचा उजवा हात आपोआप पदराखाली गेला.

"हात बाहेर काढ," शेषाद्रीराव म्हणाले. "तुझा हात बरा अहे. माझा डोळा गेला."

त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. मला ते ऐकवेना. मामी दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मग रागावल्या, आणि त्यांचं रागावणं मला पूर्ण पटलं. महिनाभर मी रोज बोटं मोजून बघतेय, माझी मलाच भीती वाटत होती, अप्पाजींसारखं तुमच्या हातून भरवून घ्यायचं या विचारानं जेवण जात नव्हतं, असं त्या भडाभडा तमिळमध्ये, मराठीत बोलत सुटल्या. शेषाद्रीराव मान खाली घालून ऐकत होते. मग त्या थांबल्या, आत गेल्या, आणि आमच्यासाठी कॉफी घेऊन आल्या. टंबलर काठोकाठ भरलेले होते. एक थेंब सांडला नाही. टंबलर खाली ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला डोळा?" आणि तेव्हा कुठे रडल्या.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतल्या पडद्यावर मधोमध पाणी झिरपतंय. आधी आला असतात तर बरं झालं असतं. झालेलं भरून येईलच असं नाही, पुढचं थोपवता येईल, त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन, पुन्हा पुन्हा. लिफ्टला भिणाऱ्या माणसाच्या डोळ्यात सुई! मी बाहेर बाकावर मामींबरोबर बसले होते. आतून काहीच आवाज आला नाही.

बेटावरच्या त्या चर्चचं काम मी एकटीनं पुन्हा तपासलं. फुलांची एक माळ तेवढी चुकली होती. खांब सगळे नीट होते, सणही नीट पार पडला. शेषाद्रीरावांना रेघांच्या कामावरून काढलं. निवृत्तीपर्यंत ते नुसती टिपणं लिहीत बसले आणि नंतर घरी.

डॉक्टरांनी त्यांना चौकटीचौकटीचं एक कार्ड दिलं होतं. रोज सकाळी एका डोळ्यानं बघायचं. रेघा जास्त वाकल्या तर धावत यायचं. ते कार्ड माळ्यावर गेलं. मामींनी स्टिकर खरवडून काढला, आणि आता त्या रोज दारात एकच कोलम काढतात. फुलं नाहीत, वळणं नाहीत. नुसत्या उभ्या-आडव्या सरळ रेघा.

परवा सकाळी मी तिथे होते. मामींनी शेवटची रेघ ओढली, पिठाचे हात झटकले आणि बाजूला झाल्या. शेषाद्रीराव उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. डावा डोळा झाकला. बराच वेळ बघत राहिले. मामींनी श्वास धरला होता, आणि माझ्या लक्षात आलं की मीही धरलाय.

"आज?" मामींनी विचारलं.

"कालच्याएवढ्याच वाकड्या," ते म्हणाले.