आवड मोजणारे माझे काका

अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांत मी अडकलो होतो, तिथंच गावाकडचा गाडीवान शोधत आला. "बापू, काका गेले." गेला महिनाभर त्यांच्या पोटात अन्न जावं म्हणून आम्ही धडपडत होतो, आणि नेमक्या त्या दिवशी मी भाव विचारत उभा होतो…

अमेरिकेत लढाई लागल्यापासून सारं वऱ्हाड बोंडांकडे बघत होतं. माझे काका मात्र पूर्णेच्या डोहातले मासे काय खातात ते बघायचे. भोयांची ठकूबाई मासे चिरी, काका पोटातलं सारं पळसाच्या पानावर निवडत आणि मी टिपून घेई. एकदा सगळ्या पोटांत सरकीच सरकी निघाली. मी मोठ्या पंडिताच्या थाटात लिहिलं, 'माशास सरकी फार आवडते.' ठकूबाई खो खो हसली. "अवं बापू, लोकं डोहात सरकीच फेकून राहिले. त्यानं पुरनपोळी कुठून खावी?"

काकांना ते इतकं पटलं, की त्यांनी सरकी, ज्वारी, चणे, शेवाळ आणि गांडुळं सारख्या मापानं पाच टोपल्यांत घालून डोहात सोडली. गांडुळं पार संपली. सरकी जवळजवळ तशीच वर आली. "पोटात दिसलं म्हनजे आवडलं, असं नाही बापू. समोर काय होतं, ते पाह्यजो आधी."

मग काका आजारी पडले. ताप उतरला, पण अन्न सुटलं. काकू पेज देत, ते दोन घोट घेत. घरात ठरून गेलं, त्यांना पेजच आवडते. वैद्य म्हणाले, अशानं आठवडा निघणार नाही. तेव्हा माझ्यातला पंडित जागा झाला. भात, झुणका, ठेचा, गूळ, कुस्करलेली भाकरी असे पाच सारखे ढीग ताटात मांडून मी समोर बसलो. एकही ढीग हलेना. काकांनी एक डोळा उघडला.

"काय करून राहिला?"

"तुमची आवड मोजतोय."

"मंग बराबर मोज ना! मासा झुंडीत खाते. मले काहून मांगच्या खोलीत एकट्याले जेवाले घालता?"

गडबड नको म्हणून आम्हीच त्यांना तिथं ठेवलं होतं. त्यांची बाज उचलून पंगतीशी आणली. काकांनी पाचही ढीग सोडले आणि माझ्या ताटातली भाकरी मोडली. अर्धी खाल्ली! पुढचे वीस दिवस त्यांनी मला रोज असं लुटलं.

अजून माझ्याकडून अर्धी भाकरी ताटात राहते. "कोनासाठी ठेवता?" बायको विचारते. मी म्हणतो, पोट भरलं… आणि तासाभरानं गुळाचा डबा शोधत फिरतो.