गॅलरीतलं 'नाही'

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. मी आठवडाभर तसाच बसलो. खाली सरकारी माणसांच्या पगारावरून, मानधनावरून भांडणं चालली होती आणि दोन्ही बाजूंचं पालुपद एकच, तिजोरीवरचा बोजा. शाळा, दवाखाने, अंगणवाड्या चालवणारी माणसं या आमदारांना ओझं कधीपासून वाटायला लागली? माझं डोकं तापलं होतं, आणि तरीही हात मांडीवरच होते.

शेवटच्या दिवशी शेजारी एक अंगणवाडी सेविका येऊन बसल्या. त्यांच्या मानधनात एक रुपयाही न वाढवणारी खर्चाची मागणी मताला आली. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे." खाली 'होय'चा एकच गलका झाला.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

खालून विस्कळीत पुटपुट आली. शेजारच्या बाई मात्र उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नाही!"

सुरक्षारक्षकाने त्यांना बाहेर नेलं. मागोमाग मीही उठलो. जिन्यात पदराने घाम पुसत त्या त्याला सांगत होत्या, "चुकलं, दादा. मला वाटलं, आपल्यालाच विचारतायत."