सुलभाबाई आणि वंशवेलीतल्या मुली

परळच्या एका रुग्णालयातल्या जनुकीय प्रयोगशाळेत मी रुजू झालो, तेव्हा डॉ. सुलभाबाईंनी यंत्रं दाखवायच्या आधी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि माझीच वंशवेल काढायला सांगितली. पणजोबांपासूनची नावं मी झोकात लिहिली. बाईंनी चष्मा वर केला. "तुमच्या घराण्यात मुली जन्मालाच येत नाहीत वाटतं?" मी ओशाळलो, पण शिकलो मात्र नाही.

पेशीतलं जादा तांबं बाहेर टाकणारं एक वाहक प्रथिन असतं. त्याचं बिघडलेलं जनुक आईवडील दोघांकडूनही आलं, तर तांबं यकृतात नि मेंदूत साचत जातं. या विल्सनच्या आजारासाठी बाईंनी आपली हयात वेचली. पंधरा वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीतला एक सोळा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. त्याला कावीळ झाली होती, हात थरथरत होते. तपासणीत हाच दोष निघाला. भावंडांबद्दल विचारल्यावर वडील म्हणाले, "एकच मुलगा." मी तसंच लिहून घेतलं.

रिपोर्ट नुसता हातात ठेवायचा नाही, घरी जाऊन समजावायचा, हा बाईंचा शिरस्ता. आम्ही गेलो, तर आजी नातवाला काविळीवर उपाय म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पाजत होत्या. बाईंनी ते थांबवलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्या पाण्याने आजार झालेला नाही हं, आजी." इतक्यात बारा वर्षांची मुलगी चहा घेऊन आली. त्याची धाकटी बहीण. बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"हिचंही रक्त तपासू या."

आई बिथरली. "नको हां मॅडम! ठणठणीत आहे ती. उद्या लग्न जमवताना कोणाला कळलं म्हणजे?"

"लग्नाला ती असायला हवी ना?" बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "आत्ताच गोळ्या सुरू केल्या, तर आजार डोकं वर काढणार नाही."

मुलीतही तोच दोष निघाला. गोळ्या लगेच सुरू झाल्या. मुलाला मात्र वाचवता आलं नाही. त्या दिवशी बाई प्रयोगशाळेत बसून रडल्या. माझ्या चुकीबद्दल त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती मुलगी आज हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काम करते. बाईंच्या पंचाहत्तरीची साडी आम्ही तिच्याकडूनच घेतली. घडी घालताना म्हणाली, "शंभरीची पण मीच निवडणार हां. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली असेन." पन्नाशीबद्दल ती इतकं सहज बोलली, की पैसे मोजताना मी दोनदा चुकलो.

बाई, ती शंभरीची साडी नेसायला तुम्ही धडधाकट असायला हव्यात. आम्हा सगळ्यांचं मागणं एवढंच.