चाळिसावी खुर्ची

आमच्या युनिव्हर्सिटीत त्यांना सगळे खुर्चीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर नुसतं बाई. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये यंत्रं चालू करणारा, पुसणारा, रुसलेले माउस बदलणारा माणूस. माझं टेबल बाईंच्या टेबलासमोर. त्यामुळे त्यांचा स्वभाव मी जितका सोसला, तितका बहुधा त्यांच्या मिस्टरांनीच सोसला असेल.

खुर्ची म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इमारतींचे नकाशे काढायचं जे सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे, ते युनिव्हर्सिटीच्या मालकीचं नाही. कंपनीकडून वर्षाच्या बोलीवर वापरायला घेतलेलं आहे. एका वेळी चाळीस जणांनीच ते उघडायचं. एकेचाळिसावा आला, की त्याच्या पडद्यावर येतं, ‘जागा नाही’. त्या जागांना आम्ही खुर्च्या म्हणतो. कोण कुठून बसलाय, काम करतोय की नुसतंच उघडं टाकून चहाला गेलाय, हे बाईंच्या पडद्यावर दिसतं. आणि एक बटण दाबून त्या कोणालाही उठवू शकतात.

नियम साधे आहेत. विद्यार्थ्याचं नाव पटावर आहे तोवर त्याने अभ्यासासाठी वापरावं. प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी, हवं तर घरूनही. आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांनी युनिव्हर्सिटीच्या कामापुरतं. बाहेरची कामं कोणीच करायची नाहीत, आणि घरच्या माणसांचा तर प्रश्नच येत नाही. एवढं सोपं असून लोक वाकड्यात शिरतात. जी वस्तू हातात धरता येत नाही ती उचलली तरी चोरी होत नाही, असं भल्याभल्या शिकलेल्यांना वाटतं. बाईंना तसं वाटत नाही, म्हणून त्या कोणाला आवडत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या एका तरुण सरांनी मेव्हण्याच्या बंगल्याचा नकाशा इथेच काढायला घेतला. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा सर वर्गात होते, समोर मुलं होती. बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, खुर्ची सोडा.” सरांचा चेहरा पडला. “बाई, दोन मिनिटं द्या, सेव्ह तरी करतो.” बाईंनी आपल्या टेबलाशी परत येऊन त्यांना उठवून टाकलं. बंगला गेला. वर विभागप्रमुखांना कळवलं आणि सरांचं घरून वापरणंही बंद करून टाकलं. तेव्हापासून सर बाईंना पाहिलं की रस्ता बदलतात. मला विचाराल तर नियम बरोबर होता, पण मुलांदेखत करायला नको होतं. तसं मी बाईंना म्हटलंही. “मग कोणादेखत करायचं होतं?” एवढंच त्या बोलल्या.

घरी वेगळं काही असेल असं समजू नका. बाईंचे मिस्टर एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात नकाशे काढायचे. मोठा नावाजलेला हात. मग एका सकाळी उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. ऑफिसने आधी विश्रांती घ्या म्हटलं आणि मग फोन करायचंच सोडलं. मी त्यांच्या घरी प्रिंटर बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. खिडकीशी बसून ते डाव्या हाताने कागदावर रेघा ओढत होते. शाळेत जायला लागलेल्या पोराच्या असतात तशा रेघा. मान वर न करता ते बाईंना म्हणाले, “तुझ्या लॅपटॉपवर ते आहे ना गं? कागदावर हात थरथरतो. माउसवर जमतं का, जरा बघितलं असतं.”

“ते माझं नाही, युनिव्हर्सिटीचं आहे,” बाई म्हणाल्या.

“बरं,” ते म्हणाले आणि परत रेघेला लागले.

जिन्यात मी बाईंना म्हटलं, “अहो, काय बिघडलं असतं? कोणाला कळणार होतं?”

“मला कळलं असतं, लॅबवाले.”

त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला, की मी प्रिंटरचं उरलेलं काम दुसऱ्या दिवशीवर टाकलं.

आता परीक्षेच्या दिवसाचं. चाळीस विद्यार्थी, चाळीस खुर्च्या. एकही जास्तीची नाही. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की आदल्या संध्याकाळी बाई एकेका प्राध्यापकाला फोन करून उठवतात. त्या संध्याकाळीही घरी लॅपटॉप उघडून बसल्या, आणि शेवटची खुर्ची रिकामी होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहत राहिल्या. सकाळी मात्र बाहेरचे परीक्षक लवकर येणार म्हणून घाईने निघाल्या. लॅपटॉप टेबलावर तसाच राहिला. त्यांच्या नावाने उघडलेला.

परीक्षा सुरू झाली. बाईंनी आपल्या पडद्यावर नजर टाकली. चाळीसपैकी चाळीस. समाधानाने त्यांनी चष्मा पुसला. आकडा जुळला होता, मग नावं कशाला बघायची? इतक्या वर्षांत आकडा जुळला आणि नावं चुकली असं कधी झालं नव्हतं. मी मागे पाहिलं असतं तर मागच्या बाकावरचं एक यंत्र रिकामं दिसलं असतं. मीही पाहिलं नाही.

अर्धा तास होत आला तेव्हा ती मुलगी धापा टाकत आली. मागच्या बाकावर बसणारी, कधी कोणाशी न बोलणारी. सकाळी एका दुकानात काम करून शिकणारी. या विषयात ती दोनदा नापास झाली होती. ही तिची शेवटची संधी, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. या वेळी गेलं की पटावरून नाव जाणार, आणि इतक्या वर्षांचं शिक्षण पाण्यात. अर्ध्या तासाच्या आत पेपर सुरू केला नाही तर गैरहजर धरायचं असा नियम. परीक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान हलवली. म्हणजे बस, अजून वेळ आहे.

ती बसली आणि तिच्या पडद्यावर आलं, ‘जागा नाही’.

मला वाटलं यंत्राने दगा दिला. मी बंद करून परत चालू केलं. पुन्हा तेच. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवरचा रंगच गेला होता. “काका, माझं काही चुकलं का?” तिने हळूच विचारलं. मी बाईंना खूण केली.

पर्यवेक्षक म्हणून त्या दिवशी नेमके ते तरुण सर होते. तेही जवळ आले. “कोण बसलंय बाई? नाव सांगा, मी फोन लावतो. कोणीतरी प्राध्यापकच असणार.” आवाजात धार होती. वर्षभर ठेवणीत राहिलेली.

बाईंनी नावं वरून खाली वाचायला सुरुवात केली. मी त्यांच्या मागे उभा होतो. विद्यार्थी, विद्यार्थी, विद्यार्थी. आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्यांचंच नाव होतं. पुढे लिहिलं होतं, घरून. त्याच्यापुढे, काम चालू.

मला आधी काही कळेना. बाई तर इथे उभ्या होत्या. मग खिडकीशी बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला.

“नाव सांगा ना,” सर म्हणाले.

मी मनातल्या मनात बाईंना हात जोडत होतो. काहीही सांगा. यंत्र बिघडलंय म्हणा, कोणी विसरून उघडं ठेवलंय म्हणा. सांगू नका.

“माझं,” बाई म्हणाल्या. हळू नाही, नेहमीच्या आवाजात. पुढच्या दोन बाकांवरची मुलं मागे वळून बघू लागली.

बाईंनी फोन काढून घरी लावला. घंटी वाजत राहिली. मी जवळ होतो, मला ऐकू येत होती. त्या माणसाला एकच हात. तो माउसवर असला तर फोन कोण उचलणार? बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा तसंच. पडद्यावर ‘काम चालू’ काही हलेना. घड्याळाचा काटा मात्र हलत होता. परीक्षक खुर्चीतून अर्धवट उठून आमच्याकडे बघत होते, आणि ती मुलगी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

सर खाली वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “बाई, चारेक मिनिटं आहेत अजून. परत लावून बघा फोन. सेव्ह तरी करू दे त्यांना, जे कोणी असेल ते.” आता आवाजातली धार गेली होती. माणूस वाईट नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्हाला मी किती मिनिटं दिली होती?”

सर सरळ उभे राहिले.

बाईंनी स्वतःच्या नावावर टिचकी मारली. पडद्यावर विचारणा आली, जतन न केलेलं काम जाईल, काढायचं का? त्यांचा हात माउसवर होता आणि तो हलत नव्हता. मी तेवढ्या वेळात देवाचं नाव घेतलं की शिवी दिली ते आठवत नाही. मग त्यांनी बटण दाबलं. त्यांचं नाव गेलं. मागच्या बाकावर मुलीचा पडदा उघडला, आणि तिने आमच्याकडे न बघता कामाला सुरुवात केली. परीक्षकांनी हजेरी मांडली. वेळेत.

“दुपारी विभागप्रमुखांकडे माझं नाव तुम्हीच द्या,” बाई सरांना म्हणाल्या. “तुमचं मी दिलं होतं.” सरांनी नाव दिलं नाही हे मला माहीत आहे. बाईंनीच दिलं, आणि त्यांना लेखी समज मिळाली, तीही त्यांनी खाली मान घालून घेतली. पण ते नंतरचं.

त्या बाहेर व्हरांड्यात आल्या, मी मागोमाग. तोच फोन वाजला. त्यांच्या मिस्टरांचा आवाज मुळात मोठा. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“अगं, रागवू नकोस. तुझा लॅपटॉप उघडाच होता, मी बसलो. तू गेलीस तेव्हापासून बसलो होतो. जिना काढत होतो गं. अख्खा जिना, कठड्यासकट. होत आला होता. सेव्ह करायला गेलो तर तुझं नाव यायला लागलं, म्हटलं तुझ्या नावावर नको, शेवटी पेनड्राइव्हवर घेऊ. आणि एकदम सगळं बंद. आता काहीच दिसत नाही. या हातानंच नको ते दाबलं असणार. मूर्ख आहे मी. जमायचं नाही हे माहीत असताना उगाच नादाला लागलो. नाही बसणार आता परत.”

खरं सांगतो, मी असतो तर म्हणालो असतो, असू दे, होतं असं, आल्यावर बघू. त्या माणसाने स्वतःच बाईंना सुटायची वाट करून दिली होती. घरात कधी कोणाला कळलं नसतं. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अहो, ऐका. तुमच्या हातानं काही दाबलेलं नाही. मी काढलं तुम्हाला. इथून. तुम्हीच बसला आहात हे मला दिसत होतं, तरी काढलं.”

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडला तर त्याची चूक नाही.

“तू?” ते म्हणाले.

“हो, मी. एका मुलीची परीक्षा होती. जागा नव्हती.”

बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “हात नीट चालला होता?”

“नीट चालला होता,” बाई म्हणाल्या. “मी बघत होते ना. एकदाही थांबला नव्हता.” एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि मी लॅबचं दार बाहेरून ओढून घेऊन तिथेच उभा राहिलो.